चौथी खेप

पॅरिस, ७ नोव्हेंबर १९९९

ती. शिवप्पाकाका आणि जगदेवीकाकू,
नमस्कार.

फोनवर तीन मिनिटांत तुम्ही "जेवलीस का, थंडी हाय का, ठेवतो" एवढंच बोलता, म्हणून पत्र लिहायला बसले. प्रयोगशाळेतलं काम ठीक चाललं आहे. त्यातलं तुम्हाला सांगण्यासारखं काही नाही. रस्त्यावरचं मात्र खूप आहे.

इथे रोज सकाळी रस्ता धुतात. पाण्याला वळण द्यायला गटाराच्या तोंडाशी जुन्या सतरंजीची वळकटी बांधून ठेवतात. आपल्या गंजगोलाईच्या बाजारात अशी सतरंजी ठेवली तर दहा मिनिटांत कुणाच्या तरी गच्चीवर वाळत पडलेली दिसेल. लोक हातभर लांब पाव काखेत मारून नेतात आणि घर येईपर्यंत त्याचं टोक खाऊन टाकतात. गाडी लावायची तर पुढच्या गाडीला एक ढुशी, मागच्या गाडीला एक ढुशी, झाली जागा. कुणी भांडत नाही. आपल्याकडे एवढ्यावर दोन गल्ल्या समोरासमोर उभ्या राहिल्या असत्या.

आणि जुन्या गाड्या. पत्र्याच्या डब्यासारखी एक आहे, तिचं छप्पर कापडाचं, भाजीवाल्यापासून मास्तरणीपर्यंत कुणीही चालवतं. पण खरी बातमी पुढे आहे. मंगळवारी पावाच्या दुकानासमोर मला आपली गाडी, आपला बेडूक दिसला. तीच सित्रोएन डीएस, तेच लांब नाक, तेच मागचं झाकलेलं चाक, फक्त रंग काळा. पोट रस्त्याला टेकवून बसली होती. एक म्हातारी आली, पिशवी आत टाकली, चावी फिरवली, आणि गाडी उंटासारखी आधी मागून, मग पुढून उठली. मी पाव हातात धरून तिथेच उभी राहिले आणि मला रडू आलं. भूकंपानंतर कुणी छताखाली बसायला धजत नव्हतं, तेव्हा माझी बारावी आपल्या बेडकाच्या मागच्या सीटवर झाली, ते आठवलं.

तो अजून शेडमध्ये आहे ना? सविस्तर लिहा.

तुमची
अंजू

*

लातूर, २६ नोव्हेंबर १९९९

चि. अंजू,
काका-काकूचे आशीर्वाद.

पत्र दुकानात तीनदा वाचलं. तेल घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकांना पण वाचून दाखवलं. सतरंजीवर लई हसले. एक जण म्हणला, तिकडं एवढं पाणी रस्त्यावर सोडतात तर इकडं चार टँकर पाठवा म्हणावं.

आता इथली हालहवाल. तू पाहिलेलं लातूर राहिलं न्हाई. प्रत्येक घराला तीन पाट्या: क्लास, मेस, खोली भाड्यानं. सकाळी सहाला सायकलींची अशी रांग निघते की म्हशींना रस्ता ओलांडायला थांबावं लागतं. परभणीची, बीडची, तुझ्या नांदेडची पोरं. आपला राजशेखर आता 'राजशेखर सर' झालाय. मी बाप असून मला पण पोरं "सरांचे वडील" म्हणून दाखवतात. हॉलमध्ये साठ पोरं मावतात, बाहेर चाळीस उभी असतात.

त्याला शेड पाहिजे. जूनपासून दुसरी बॅच. त्यानं मला सरळ सांगितलं, "अप्पा, पंधरा मेपर्यंत गाडी स्वतःच्या इंजिनवर फाटकाबाहेर गेली तर ठेवा कुठंबी. न्हाई तर भंगारवाल्याला बोलावतो." पोराचं चुकत न्हाई. मला नवल वाटतं तुझ्या काकूचं. ती त्याच्यापेक्षा घाई करून राहिली. गाडीचं नाव काढलं की भांडी आपटते. सहा वर्षांत शेडमध्ये एकदा पाय ठेवला न्हाई तिनं.

गाडीचं काय सांगू. नांदेडच्या कंत्राटदाराकडून घेतली त्याला वीस दिवस झाले होते, आन् भूकंप झाला. त्या दिवशी जखमींना आणायला किल्लारीच्या तीन खेपा केल्या, दुपारी दारात उभी केली आन् बसली ती बसलीच. इंजिन सुरू व्हायचं, पण उठायची न्हाई. चालवायला गेलो तर कोपऱ्यावर पोट घासून अडकली, दहा जणांनी ढकलत आणली. नंतर ट्रकच्या मिस्त्रीला खाली घातला. तो बाहेर येऊन म्हणला, "मालक, हिला एक पण स्प्रिंग न्हाई. किल्लारीच्या रस्त्यावर गळून पडल्या." मी दोन रविवार सायकलवर औसा रोडला स्प्रिंगा हुडकत फिरलो. कुणीतरी उचलून नेल्या असतील.

तिकडं स्प्रिंगा मिळत असतील तर चौकशी कर. मला ती गाडी चालू झालेली एकदा बघायचीय. का, ते विचारू नको.

तुझा काका
शिवप्पा

*

पॅरिस, १२ डिसेंबर १९९९

ती. काका,

आधी तुम्ही खुर्चीत बसा, मग वाचा.

त्या काळ्या गाडीची म्हातारी मला पुन्हा भेटली. तिने तिच्या मिस्त्रीचा पत्ता दिला. मोरो त्यांचं नाव, तुम्ही मोरे म्हणा, चालेल. रेल्वेच्या कमानीखाली गॅरेज आहे, सत्तरीचे आहेत, हातात सदा किल्ली. त्यांना मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये औसा रोडवर स्प्रिंगा शोधल्याची गोष्ट सांगितली. ते हसत हसत टायरवर बसले, चष्मा काढून डोळे पुसले आणि पोराला हाक मारून त्यालाही सांगायला लावली.

काका, या गाडीला स्प्रिंगा नसतातच. कारखान्यातूनच नसतात. तेलाच्या दाबावर आणि लोखंडी गोळ्यांमध्ये कोंडलेल्या वायूवर ती उभी राहते. तुम्ही दोन रविवार जे शोधलंत ते जगात नव्हतंच.

आता महत्त्वाचं. ड्रायव्हरच्या पायापाशी, दाराच्या बाजूला एक दांडा असतो. त्यावर गाडीची उंची ठरते. चाक बदलायला वर-खाली करावी लागते, त्यासाठी. तो दांडा पार खाली असेल तर इंजिन कितीही वेळ चालू ठेवा, गाडी उठत नाही. मोरो म्हणाले, दांडा कुठे आहे ते आधी बघायला सांग, तेलाचं नंतर. तेलाची टाकी उघडून रंगही बघा. हिरवं असेल तर हिरवंच घालायचं, दुसरं घातलं तर रबरं कुजतात. ब्रेक ऑइल अजिबात नको.

मला तर वाटतं तुमची गाडी कधी मोडलीच नव्हती. कुणाचा तरी धक्का लागून दांडा खाली गेला असेल. एवढी साधी गोष्ट, आणि सहा वर्षं. तुम्ही हसताय ना?

अंजू

*

पॅरिस, ६ फेब्रुवारी २०००

ती. काका,

दोन महिने होत आले, तुमचं पत्र नाही. फोन केला तर राजूदादा म्हणाला, अप्पा दुकानात आहेत. रविवारी सकाळीही दुकानातच. मी काही चुकीचं लिहिलं का? स्प्रिंगांवरून जास्त हसले असेन तर माफ करा. तुम्हीच शिकवलंय हसायला.

दांडा कुठे होता, एवढं तरी कळवा.

अंजू

*

लातूर, २१ फेब्रुवारी २०००

चि. अंजू,

दांडा पार खाली होता.

टाकीतलं तेल तळाला गेलंय, पण हिरवं आहे. तेलातलं मला कळतं, त्यात फिकीर नको. तुझं काहीच चुकलं न्हाई. माझं चुकलं. हे मी आजपर्यंत घरात कुणाला बोललो न्हाई. तुझ्या काकूला पण न्हाई.

तिसऱ्या खेपेला मागं चार जखमी होते, पुढं एक बाई लेकरू घेऊन. किल्लारीच्या फाट्यावर आपला चंद्रप्पा उभा होता. दरसाल करडई घेऊन दुकानी यायचा तो, त्यानं आणलेल्या पिशवीतल्या शेंगा तू खाल्ल्या आहेस. त्याची बायको लक्ष्मम्मा कडेला पोत्यावर पडलेली, पायाचं हाड मोडलेलं. गाडीत बोट घालायला जागा न्हाई. मी खिडकीतून सांगितलं, "पुढच्या खेपेला पहिला नंबर तुझा. इथून हलू नको. मी येतो." तो म्हणला, "हाव मालक, हलत न्हाई."

मी आलो घरी, दोन घास खाल्ले, बाहेर आलो तर गाडी बसलेली. मग कुणाची जीप मिळते का बघत अंधार पडेपर्यंत फिरलो. मिळाली न्हाई. नंतर पेपरात नावांच्या याद्या यायच्या. मी पेपर बंद केला. चंद्रप्पा पुन्हा कधी करडई घेऊन आला न्हाई. सहा वर्षं. किल्लारीचं कुणी बाजारात दिसलं तर मी आत पेंडीच्या पोत्यामागं जातो.

आजवर मनाला सांगायचो, भूकंपानं गाडी मोडली, माणूस काय करणार. तुझं पत्र वाचलं आन् तेवढा आधार पण गेला. गाडी धडधाकट होती. माझाच पाय दांड्याला लागला असणार, दुसरं कोण. वीतभर दांडा वर करायला पाहिजे होता. कंत्राटदाराचा म्हातारा ड्रायव्हर उद्धव गाडी द्यायला आला तेव्हा सगळं समजावून सांगायला बघत होता. मी म्हणलो, "मी ट्रक चालवलाय, मला काय शिकवतो." त्याला चहा घ्यायला घरात पाठवलं आन् मी गल्लीत चक्कर मारायला गेलो. ती माझी ऐट.

आता मला ती चालू झालेली बघायची न्हाई. राजशेखरला सांगितलंय, पंधरा मेची वाट कशाला बघतो.

काका

*

पॅरिस, ५ मार्च २०००

ती. काका,

तुमचं पत्र वाचून मी त्या दिवशी कामाला गेले नाही. नदीकाठी जाऊन बसले. हसत हसत मी तुम्हाला काय लिहून बसले, याचं फार वाईट वाटतंय.

तुमचा पाय दांड्याला लागला असेलही, पण आता मी तुमच्याशी भांडणार आहे. पोत्यावर पडलेल्या लक्ष्मम्माचं पुढे काय झालं, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. किल्लारी काही पॅरिसइतकी लांब नाही, एसटीने दीड तास. वाईट झालं असेल तर चंद्रप्पासमोर उभं राहून ऐकायला हवं. तुम्ही त्याला येतो म्हणाला होतात. येतो म्हटलं की यायचं, हे मला तुमच्याच घरात शिकवलं गेलं.

एसटीने जाऊ नका. त्याच गाडीने जा. नांदेडची अपूर्वा कुलकर्णी माझ्या शेजारच्या खोलीत राहते, ती एप्रिलमध्ये घरी येते आहे. तिच्या बॅगेत साड्यांत गुंडाळून हिरव्या तेलाचे सहा डबे देते आहे. मोरोंनी पैसे घेतले नाहीत. त्यांना फक्त गाडी उठल्याचा फोटो हवा आहे. नांदेडला जाऊन डबे घेऊन या. माझ्या बाबांकडे जेवून या.

गाडी भंगारात दिलीत तर मी लातूरला पाय ठेवणार नाही. खरंच नाही.

अंजू

*

लातूर, २२ मार्च २०००

चि. अंजूबाईस काकूचा आशीर्वाद.

मला लिहायची सवय न्हाई, सांभाळून घे. तुझं पत्र यांनी वहीत ठेवलं होतं. मी वाचलं. वाचायला नको होतं, पर दोन म्हैने झाले हे धड जेवेनात, म्हणून वाचलं. मग यांनी तुला काय लिहिलं असंल ते ध्यानात आलं.

दांडा यांच्या पायानं खाली गेला न्हाई. मी केला.

त्या उद्धव ड्रायव्हरला मी चहा दिला होता. हे गल्लीत मिरवायला गेले, मग गाडी परत आल्यावर त्या म्हाताऱ्यानं सगळं मलाच दाखवलं. म्हणला, मालकीणबाई, हा दांडा वर केला की उठती, खाली केला की बसती. मी ध्यानात ठेवलं.

त्या दिवशी हे तिसऱ्या खेपेहून आले तवा यांचे हात असे थरथरत होते की भाकरी मोडता येईना. मीच कुस्करून दिली. जमीन अजून हादरत होती. भांडी मांडणीवरून पडत होती. हे म्हणले, परत जातो. मी म्हणलं, नका जाऊ. म्हणले, जायाचं हाय. कुणासाठी ते सांगितलं न्हाई गं. हे हात धुवायला गेले आन् मी बाहेर जाऊन दांडा खाली दाबला. मनात म्हणलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या वर करते.

दुसऱ्या दिवशी मिलिटरी आली, मोठ्या गाड्या आल्या. मग तिसऱ्या दिवशी सांगायचं म्हणलं तर हे सगळ्या गल्लीला सांगत होते, भूकंपानं मोडली. मिस्त्री आला, हे स्प्रिंगा हुडकायला गेले. मी रोज सांगायचं म्हणायचे आन् रोज ऱ्हायचं. ती गाडी दिसली की मला माझाच हात दिसतो. म्हणून तिला काढा काढा म्हणत होते.

ती बाई पोत्यावर पडलेली होती, हे मला तुझ्या पत्रानं कळलं. माझा नवरा घरी ऱ्हावा म्हणून मी केलं. तिचा पण नवरा तिथंच उभा होता की.

आता काय करू, सांग. तू शिकलेली हाईस.

जगदेवी

*

पॅरिस, २ एप्रिल २०००

प्रिय काकू,

मी शिकलेली आहे, पण हे मला कुणी शिकवलेलं नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही दांडा दाबला असता. एवढं मात्र मी नसते करू शकले, की सहा वर्षं गप्प बसून शेडच्या बाहेरून वळसा घालत राहायचं. किती जड गेलं असेल तुला.

काकांना तूच सांग. मी सांगणार नाही. आणि सांगायच्या आधी त्यांना जेवू घाल.

तुझी
अंजू

*

लातूर, १८ मे २०००

चि. अंजू,
काका-काकूचे आशीर्वाद.

पत्राला वेळ झाला, पण सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

तेलाचे डबे घेऊन नांदेडहून आलो त्या दिवशी तुझ्या काकूनं पुरणपोळी केली. सण न्हाई, वार न्हाई. मी म्हणलो, काय विशेष. ती म्हणली, आधी खावा. तीन पोळ्या खाल्ल्यावर तिनं सांगितलं.

खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस तिच्याशी बोललो न्हाई. लई राग आला. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये टाकीत तेल ओतत होतो, तर ही दारात येऊन उभी. सहा वर्षांत पहिल्यांदा. आत आली, वाकली, दाराच्या बाजूचा दांडा धरला आन् वर केला. गंजला होता, दोन्ही हातांनी ओढावा लागला तिला. मग म्हणली, "आता चला. मी पण येते." माझा राग तिथंच सरला. त्या दिवशी माझे हात थरथरत होते, हे मला माहीतच नव्हतं बघ. ते फक्त तिनं पाहिलं होतं.

मिस्त्रीनं बॅटरी घातली, कार्बुरेटर साफ केला. चवदा तारखेला सकाळी चावी फिरवली. आधी धूर. मग शेडमध्ये कायतरी टकटक वाजायला लागलं. एक मिनिट, दोन मिनिटं. काहीच न्हाई. भंगारवाला फाटकात हातगाडीवर बसून बिडी ओढत होता, राजशेखरनं एक दिवस आधीच बोलावून ठेवलेला. अन् मागची बाजू हलली. वीतभर वर. मग नाक. क्लासची शंभर पोरं खिडक्यांतून ओरडली. राजशेखर हातात खडू घेऊन पळत आला, आन् तिथंच पोरांना द्रवाच्या दाबाचा नियम शिकवायला लागला. आता म्हणतो, गाडी कुठं पाठवू नका अप्पा, फाटकासमोर ठेवा, अशी प्रात्यक्षिकं कुठल्या क्लासात हायत. भंगारवाल्याला पुरणपोळी देऊन पाठवलं.

तसंच निघालो. काकू पुढं माझ्या शेजारी. स्टेअरिंग डावीकडं असल्यानं ओव्हरटेक करायचं असलं की ती खिडकीतून डोकं काढून बघायची आन् सांगायची, "घ्या, रिकामं हाय." औसा गेला, लामजना गेला. फाटा आला. तिथं थांबलो. पोत्याच्या जागी आता रसवंती आहे.

नवी किल्लारी तू पाहिलेली न्हाईस. सरळ रस्ते, नंबराची घरं, सगळी सारखी. एका पोराला चंद्रप्पाचं घर विचारलं. त्यानं हात केला. दारात एक बाई एक पाय लांब करून सुपात डाळ निवडत बसली होती.

लक्ष्मम्मा.

मला गाडीतून उतरता येईना. तिनं मान वर केली, गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. सूप खाली ठेवलं आन् म्हणली, "लई येळ लावलात मालक."

मी रडलो, अंजू. पन्नास घरं बघत होती, तरी रडलो. तेवढ्यात चंद्रप्पा आला. त्यानं सांगितलं, मी गेल्यावर तासाभरात लामजन्याच्या कुणाचा ट्रॅक्टर आला. तो म्हणत होता, मालकांनी हलू नको म्हणलंय. लोकांनी उचलूनच घातलं दोघांना. मी गेलो असतो तरी तिथं कुणी नसतं. मी म्हणलो, मग करडई घेऊन का आला न्हाईस कधी. तो म्हणला, "करडई कुठली मालक, ऊस लावलाय. तेलाच्या दुकानात ऊस आणू का?"

तुझ्या काकूनं लक्ष्मम्माच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. दांड्याचं पण. मी अडवायला बघत होतो, तिनं ऐकलं न्हाई. लक्ष्मम्मानं सुपातली डाळ दोनदा पाखडली. मग म्हणली, "मी पण दाबला असता. पर येतो म्हणून सांगितलेली खेप ऱ्हायली ती ऱ्हायलीच. पाय दाखवायला म्हैन्याला लातूरला यावं लागतं, एसटीत गुडघा वाकत न्हाई. उद्या सोमवार, माझा नंबर हाय. बसू का?"

रात्री तिथंच जेवलो. सकाळी ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसली, चंद्रप्पा पुढं, आन् काकू मागं तिचा पाय मांडीवर घेऊन. दवाखान्यासमोर गाडी बंद केली तशी ती हळूहळू बसायला लागली. लक्ष्मम्मा घाबरून काकूचा हात धरून म्हणली, "अगं बाई, मोडली की."

काकू म्हणली, "मोडत न्हाई. तुमचं होऊ द्या, उठवते मी."

मोरोंसाठी फोटो सोबत ठेवलाय. दांड्यावर हात आहे तो तुझ्या काकूचा.

तुझा काका
शिवप्पा